यंदा भेट द्या जुन्या वस्तूची, तिच्या गोष्टीसकट

दिवाळी जवळ आली की घराघरांत एकच प्रश्न असतो, कुणाला काय द्यायचं? सुकामेव्याचा डबा, मेणबत्त्यांचा सेट, चॉकलेटचा खोका, नाहीतर सरळ पैशांचं पाकीट. यात वाईट काहीच नाही. पण गेल्या दिवाळीत तुम्हाला कोणी काय दिलं होतं, ते आज आठवतं का? सुकामेव्याचा एखादा डबा तर चार घरं फिरून पुन्हा पहिल्याच घरी येतो, हा विनोद आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

याच दिवसांत दुसरीकडे घराची साफसफाई सुरू असते. माळ्यावरून पितळी परात खाली उतरते, तांब्याचं घंगाळ निघतं, आजीचा पानाचा डबा सापडतो. 'कोण घासत बसणार हे आता?' असं म्हणत सगळं एका पोत्यात भरलं जातं आणि मोडीत जातं. तिथे भाव होतो तो फक्त किलोचा. म्हणजे एकाच आठवड्यात आपण घरातली मोलाची वस्तू किलोवर विकतो आणि त्याच पैशांत दुसऱ्यांना देण्यासाठी लवकर विसरली जाणारी वस्तू विकत आणतो.

यंदा हे थोडं उलटं करून पाहिलं तर? जुनी वस्तू नीट निवडून, स्वच्छ करून आणि मुख्य म्हणजे तिची गोष्ट सांगून भेट दिली, तर ती भेट वर्षानुवर्षं लक्षात राहते. मात्र ती देताना काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

भांड्यावर नाव का घालायचे?

तुमच्या घरातलं एखादं जुनं भांडं हातात घ्या आणि काठावर किंवा बुडाशी नीट पाहा. बहुतेक वेळा बारीक ठिपक्यांनी कोरलेलं एक नाव सापडेल. कधी त्यासोबत गावाचं नाव, तारीख, तर कधी 'लग्नाप्रीत्यर्थ' असंही लिहिलेलं असतं. भांड्यांच्या दुकानात भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, 'नाव काय घालायचं?' आणि मग छोट्या छिन्नीने किंवा मशीनने ते घालून द्यायचा.

भांडी हरवू नयेत, पंगतीत एकमेकांत मिसळू नयेत, हा त्यामागचा व्यवहार होताच. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. कोणी, कधी, कुणाला दिलं हे त्या भांड्यावर कायमचं नोंदलं गेलं. तुमच्या पणजीला तिच्या मामाने दिलेला तांब्या आज तुमच्या हातात असेल, तर ते नाते वाचता येतं. म्हणजे भेटीसोबत तिची गोष्ट द्यायची पद्धत आपल्याकडे होतीच, आपण ती फक्त विसरलो आहोत.

म्हणून एक नियम करा. माळ्यावरचं कोणतंही भांडं मोडीत घालण्याआधी त्यावरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर मोबाइलमध्ये फोटो काढा, उजेड तिरका पाडून पाहा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा.

अँटिक म्हणजे फक्त राजवाड्यातली वस्तू नव्हे

अँटिक म्हटलं की आपल्याला झुंबर, नक्षीदार पलंग, लाखोंचे भाव असं काहीतरी आठवतं. पण पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आलात तर हा समज बदलतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी या संग्रहाला दिलं. पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून त्यांनी काय जमवलं? दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, कंगवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, दरवाजे, वाद्यं. त्या काळी अनेकांच्या लेखी जी अडगळ होती, ती त्यांनी उचलून आणली. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि लोक तिकीट काढून त्या पाहायला जातात.

अहमदाबादला जाणं झालं तर विशालामधलं 'विचार' हे भांड्यांचं संग्रहालयही जरूर पाहा. पाणी भरायचे हंडे, डबे, अडकित्ते यांत किती प्रकार असू शकतात ते तिथे कळतं.

कायद्याच्या भाषेत साधारणपणे शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू 'पुरावस्तू' ठरते. पण भेट द्यायला ती शंभर वर्षांचीच हवी असं अजिबात नाही. साठ वर्षांपूर्वीचं चावीचं घड्याळ, आईच्या हातचं पाककृतींचं वहीवजा पुस्तक, आजोबांचं शाईचं पेन यांनाही तितकंच मोल असतं. प्रश्न एवढाच की, हे ज्याला देणार त्याचं त्या वस्तूशी काही नातं आहे का?

कुणाला काय देता येईल?

बहिणीला माहेरची वस्तू: भाऊबीजेला ओवाळणीत पैसे किंवा साडी दिली जाते. पण बऱ्याच घरांत आई गेल्यावर घरातली भांडीकुंडी, समया, चौरंग सगळं मुलाकडे राहतं आणि मुलीच्या वाट्याला एखादी साडी येते. ती काही बोलत नाही, पण मनात राहतं. आईचा चकलीचा पितळी सोऱ्या, रोज संध्याकाळी लागणारी समई, लोणच्याची चिनी मातीची बरणी यातलं काही ओवाळणीच्या ताटात ठेवून पाहा. बाजारातली कोणतीही साडी त्याची बरोबरी करणार नाही.

नव्या जोडप्याला: नव्या संसारात जागा कमी आणि सामान जास्त असतं. त्यामुळे मोठं घंगाळ देण्याआधी विचार करा. छोटा खलबत्ता, तांब्या-भांडं, निरांजनांची जोडी, लामणदिवा अशा वस्तू कुठेही मावतात. मोठी वस्तूच द्यायची असेल तर तिचा नवा उपयोग सुचवा. घंगाळात पाणी भरून फुलं आणि दिवे तरंगते ठेवता येतात, बाल्कनीत त्यात कमळाचं रोपही लावता येतं. पूर्वी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाचं पाणी याच घंगाळात काढत असत, हे सांगायला विसरू नका.

मुलांना आणि नातवंडांना: मुलांना जुनी नाणी फार आवडतात. १९४३ ते १९४७ या काळातला मधोमध भोक असलेला पैसा हातात दिला की पहिला प्रश्न येतो, 'याला भोक का?' मग तुम्ही सांगू शकता की ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, धातूची टंचाई होती. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे शंभर पैसे नव्हते, सोळा आणे होते, म्हणजे चौसष्ट पैसे, हेही मुलांना गमतीचं वाटतं. असंच शेर, मापटं, चिपटं या मापांचं. १९५८ पासून किलो-लिटर टप्प्याटप्प्याने आले आणि ही मापं मागे पडली. मापटं आणि तांदूळ मुलांच्या हातात द्या, मोजणी ते खेळता खेळता शिकतील.

आईवडिलांना: त्यांना त्यांच्याच तरुणपणातली वस्तू द्या. त्यांच्या जन्मसालातला किंवा लग्नाच्या वर्षातला दिवाळी अंक हा एक सुंदर पर्याय आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि ती परंपरा आजही सुरू आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' यांचे जुने अंक शोधले तर मिळतात. त्यातल्या कथांइतक्याच जाहिरातीही वाचायला मजा येते.

गाण्याची आवड असणाऱ्यांना: जुनी रेकॉर्ड देण्याआधी ती वाजवायची सोय त्यांच्याकडे आहे का ते पाहा. ७८ च्या वेगाची जुनी तबकडी लाखेपासून बनवलेली असते, ती पडली तर फुटते. हल्लीच्या अनेक प्लेअरवर ७८ चा वेग नसतो आणि असला तरी तिला वेगळी सुई लागते. एलपी रेकॉर्ड त्यामानाने सोप्या. वाजवायची सोय नसेल तर नुसतं सुंदर कव्हर चौकटीत बसवून देता येतं.

घड्याळाच्या शौकिनांना: एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. पहिल्या पगारात घेतलेलं किंवा लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एचएमटी अनेक मराठी घरांच्या कपाटात बंद पडून आहे. जाणकार कारागिराकडून ते साफ करून, तेल घालून, नवा पट्टा लावून घ्या. वडिलांचं बंद घड्याळ मुलाच्या मनगटावर पुन्हा टिकटिकू लागलं तर त्याहून चांगली भेट कोणती?

देण्याआधी घरात बोला

या भेटीत एक धोका आहे आणि तो पैशांचा नाही, मनांचा आहे. घरातली जुनी वस्तू बहुतेक वेळा एकट्याची नसते. आईची पैठणी मोठ्या सुनेने परस्पर आपल्या मुलीला दिली आणि धाकटीला ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत दिसली, तर पुढची पाच वर्षं त्यावरून अबोला राहू शकतो. लक्षात ठेवा, हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार आईने मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिच्या वस्तूंवर मुलगा, मुलगी आणि वडील हयात असतील तर ते, या सगळ्यांचा सारखाच हक्क असतो. हा हक्क फक्त जमिनीवर आणि दागिन्यांवर नसतो.

म्हणून सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे वस्तू जिची किंवा ज्याची आहे, त्यांनी स्वतः हयातीतच ती द्यावी. तुम्ही सत्तरीच्या आसपास असाल तर या दिवाळीत सगळी मुलं जमली की एक दुपार यासाठी ठेवा. कपाट उघडा, वस्तू मांडा आणि विचारा, 'कोणाला काय हवं?' अनेकदा उत्तर ऐकून आश्चर्य वाटतं. सोन्याच्या बांगड्यांऐवजी एखादा नातू आजीची विळी मागतो, कारण तिच्यावर ती नारळ खोवत असताना तो शेजारी बसायचा. दोघांना एकच वस्तू हवी असेल तर तेही समोरासमोर सोडवता येतं. कोण आधी, कोण नंतर हे ठरवा किंवा चिठ्ठ्या टाका.

आणि तुम्ही तिशी-चाळिशीत असाल तर आईवडिलांना वस्तू मागू नका, गोष्ट विचारा. 'ही समई कुठून आली?' एवढ्या एका प्रश्नाने सुरुवात होते. 'मला काय देणार?' या प्रश्नाने त्यांना आपण जाणार असल्याची जाणीव होते, 'ही कुणी दिली होती?' या प्रश्नाने त्यांना बोलावंसं वाटतं.

समोरच्याला 'नको' म्हणायची मोकळीकही द्या. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीवर सागवानी कपाट लादलं तर ती भेट राहत नाही, ओझं होतं. काही जणांना जुनी वस्तू मिळाली की 'वापरलेलं देऊन बोळवण केली' असंही वाटतं. अशा माणसाला सरळ नवीनच काहीतरी द्या. जुनी वस्तू तिलाच द्या, जिला ती हवीशी वाटेल.

गोष्ट लिहून द्या

वस्तूसोबत एक चिठ्ठी हवीच. मोठा निबंध नको, पोस्टकार्डावर मावेल एवढं पुरे. त्यात एवढ्या गोष्टी असाव्यात:

* वस्तूचं घरात म्हणत असत ते नाव. उदाहरणार्थ 'ठोक्याची परात' किंवा 'फिरकीचा तांब्या'.
* ती कुणाची होती, कुठल्या गावातून आली, साधारण कोणत्या साली.
* ती कशासाठी वापरायचे. पुढच्या पिढीला हे आपोआप कळणार नाही.
* तिच्याशी जोडलेली एखादी आठवण, घडली तशी.
* ती कशी जपायची, याच्या दोन ओळी.

जे नक्की माहीत नाही ते 'असं ऐकलं आहे' म्हणून लिहा. 'पेशव्यांच्या काळातली' असं उगाच लिहू नका. खरी गोष्ट साधी असली तरी पुरते. शक्य असेल तर आजी-आजोबांना वस्तू हातात घेऊन बोलायला सांगा आणि मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करा. पुढे चिठ्ठी हरवेल, पण तो आवाज घरातल्या प्रत्येकाकडे राहील.

पाककृतींची वही, पत्रं, जुने फोटो यांच्या बाबतीत आणखी सोपं आहे. स्कॅन करून सगळ्यांना प्रती द्या आणि मूळ वही एकाकडे ठेवा. जुने कागद मात्र कधीही लॅमिनेट करू नका, त्याने ते कायमचे खराब होतात. मोडी लिपीतले कागद सापडले तर फेकू नका, मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत याबाबत चौकशी करता येते.

बाजारातून घ्यायची असेल तर

घरात काही नसेल तर बाजार आहेतच. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, शुक्रवारी ती बंद असतात. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अहमदाबादला साबरमतीच्या काठी रविवारची गुजरी भरते, हैदराबादला गुरुवारी जुम्मेरात बाजार. कोलकात्यात रसेल स्ट्रीटवर जुन्या सामानाचे लिलाव होतात. दक्षिणेत कोचीच्या मट्टनचेरी भागातली ज्यू टाउनची दुकानं आणि तमिळनाडूतल्या कारैकुडीचा जुन्या वस्तूंचा बाजार प्रसिद्ध आहे. कारैकुडीत चेट्टिनाडच्या वाड्यांमधलं सामान विकायला येतं.

अशा ठिकाणी गेलात की 'दोनशे वर्षांपूर्वीचं आहे' हे वाक्य हमखास ऐकू येतं. घाई न करता एवढं पाहा:

लोहचुंबक सोबत न्या. पितळ, तांबं, चांदी यांना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा.

रंग पाहा. जुन्या वस्तूवर काळपटपणा सगळीकडे सारखा नसतो. जिथे हात लागतो तो भाग उजळ आणि गुळगुळीत, कोपरे आणि खाचा काळ्या असतात. सगळीकडे एकसारखा काळेपणा असेल तर तो बहुधा रसायनाने आणलेला असतो.

बूड आणि कडा तपासा. वर्षानुवर्षं वापरलेल्या भांड्याचं बूड घासलेलं असतं. हाताने ठोकून घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा सारख्या अंतरावर नसतात.

स्क्रू पाहा. दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून दाखवलेल्या पेटीला अधिकच्या खुणेचे स्क्रू असतील तर शंका घ्या. तसे स्क्रू १९३० च्या दशकानंतर वापरात आले. मधे कधी दुरुस्ती झाली असेल हे खरं, पण मग भाव तसा कमी व्हायला हवा.

चांदीचा रुपया वजन करून घ्या. लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप रुपया भेट द्यायची पद्धत अनेक घरांत आहे, म्हणूनच नकली नाणीही खूप निघतात. अस्सल रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजलेला असेल तर थोडं कमी, पण फार नाही. १९४० पासून रुपयातलं चांदीचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, हे भाव करताना लक्षात ठेवा.

चित्र भिंगाखाली पाहा. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्यांच्या देवदेवतांची चित्रं घरोघरी पोहोचली. आज जुन्या चौकटीत नवी छपाई घालून ती 'ओरिजिनल' म्हणून विकली जातात. भिंगातून एकसारखे, ओळीने मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर ती नव्या पद्धतीची छपाई आहे.

घड्याळाची तबकडी पाहा. केस झिजलेली आणि तबकडी मात्र करकरीत असेल, तर ती नव्याने रंगवलेली असू शकते. ऑनलाइन घेताना यंत्राचाही फोटो मागवा.

आणि पावती घ्या. त्यावर वस्तूचं वर्णन लिहून मागा. जो विक्रेता तोंडी दोनशे वर्षं सांगतो पण पावतीवर काहीच लिहायला तयार नाही, त्याच्याकडून आवडली तर 'छान दिसते' म्हणून घ्या, 'अँटिक' म्हणून नको.

चमकवण्याचा मोह आवरा

भेट द्यायची म्हणून वस्तू घासून लखलखीत करावीशी वाटते. रोजच्या वापरातल्या तांब्या-पितळेसाठी चिंच किंवा लिंबू-मीठ ठीक आहे, पण लगेच धुऊन कोरडं पुसा. नक्षीकाम किंवा कोरलेलं नाव असलेल्या भागावर जोर लावू नका, घासून घासूनच ती नावं पुसट होतात. बिदरी वस्तूंना तर घासणी लावूच नका. बिदरी कामाची ओळख म्हणजे काळ्या पृष्ठभागावर बसवलेली चांदी, तो काळा थर निघाला की काम बिघडलं. मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरेसं आहे.

पितळी भांडं स्वयंपाकासाठी देणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंच घातलेले पदार्थ ठेवू नयेत. जिथे डाग दिलेला आहे किंवा जोड उघडा पडला आहे, असं भांडं फक्त शोभेसाठी द्या आणि चिठ्ठीत तसं लिहा. जुना रेडिओ किंवा दिवा देताना त्याची वायर बदलून घ्या.

जुनी पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळून द्या. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायला सांगा, नाहीतर घडीवरच ती विरते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तर फवारू नका. साडी पूर्ण विरली असेल तरी 'जुनी जर विकत घेतो' म्हणणाऱ्याला देण्याआधी थांबा. तो ती चांदीसाठी जाळणार असतो. शाबूत असलेला पदर चौकटीत बसवता येतो, काठ बहिणी-बहिणींत वाटून घेता येतात.

कायदा काय म्हणतो?

* परदेशात पाठवताना: पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला खापरपणजोबांची मूर्ती सामानात घालून देऊ नका. वस्तू जुनी दिसत असली तरी पुरावस्तू नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तसं प्रमाणपत्र मिळू शकतं.
* मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र हस्तलिखितं: पुरावस्तू ठरणाऱ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि पुरावस्तू विकायला विक्रेत्याकडे परवाना लागतो. रस्त्यावर विकायला आलेली जुनी मूर्ती घेऊच नका, ती एखाद्या मंदिरातून चोरलेलीही असू शकते.
* हस्तिदंत, वाघनख, मृगाजिन, शिंगं: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांपासून बनलेल्या अशा वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा आहे. बाळाच्या गळ्यात घालायचं म्हणून वाघनखाचं लॉकेट घेऊ नका. घरात वारशाने आलेलं काही असेल तर ते कुणाला देण्याआधी वनविभागाकडे विचारा.
* तलवार, बंदूक: घराण्याची असली तरी शस्त्र कायदा लागू होतो. हस्तांतर करण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा.

सुरुवात एका वस्तूने करा

सगळा माळा एका दिवसात आवरायची गरज नाही. या रविवारी फक्त एक वस्तू खाली काढा. ती पुसा, तिच्यावरचं नाव वाचा आणि ती कुणाच्या हातात शोभेल याचा विचार करा. मग घरात जे सगळ्यात मोठे असतील त्यांना फोन करा आणि विचारा, ही कुठून आली? वस्तू आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण हे उत्तर देणारं माणूस तेवढं थांबणार नाही. म्हणून तो फोन आजच करा.